ताप आलेला माणूस दार उघडेल की कडी लावेल?

सिंहगड रस्त्यावरच्या ८४ फ्लॅटच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे: नवी कमिटी पुढच्या साथीसाठी नियमावली लिहायला बसली आहे, पण २०२० मध्ये जे केलं त्यावरून सभासदांत आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, गेट बंद ठेवलं, कामाच्या मावशींना आत घेतलं नाही, रोज फवारणी केली, म्हणून वाचलो. दुसरा म्हणतो, तो सगळा अतिरेक होता, आता नियमावलीच नको. तर बंदी, फवारणी आणि रुग्णाचं नाव ग्रुपवर टाकणं, यातलं काय ठेवायचं?

याच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागेल. दोन्ही तट साथ म्हणजे कोविडच असं धरून भांडताहेत. त्यानंतर पुण्यात काय आलं ते बघा. जून २०२४ मध्ये एरंडवण्यात झिका सापडला, तो डासांचा आजार. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच रस्त्याला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण वाढले. त्यातल्या अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू मिळाला आणि संशयाची सुई पाण्याकडे गेली. या दोन्ही वेळी गेटला कुलूप लावून काय साधलं असतं? म्हणून नियमावलीत हवा, पाणी आणि डास अशी तीन वेगळी पानं करा. साथ जाहीर झाली की पहिल्या दिवशी एवढंच ठरवायचं: कोणतं पान उघडायचं. नवा विषाणू असेल आणि दोन-तीन आठवडे काहीच स्पष्ट नसेल, तर हवेचं पान उघडा आणि पाणी-डासांची एरवीची कामं चालू ठेवा.

तिन्ही पानांवरचा प्रत्येक नियम मी एकाच कसोटीवर घासून बघेन. हा नियम लागू झाल्यावर ज्याला आज रात्री ताप भरला, तो सकाळी सांगेल की लपवेल? साथीत पहिला रुग्ण लवकर कळणं याच्याइतकं मोलाचं काही नसतं. लपवायला लावणारा नियम कागदावर कितीही कडक दिसला तरी साथीच्याच बाजूने काम करतो.

पुण्याला हे नवीन नाही. साथरोग कायदा आला फेब्रुवारी १८९७ मध्ये. त्या साली प्लेग कमिशनर रँडच्या हाताखाली सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, माणसं उचलून छावणीत नेली, सामान जाळलं. परिणाम असा झाला की लोक आजारी माणूसच काय, प्रेतसुद्धा लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, ते पुणेकरांना सांगायला नको. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणत होत्या आणि १० मार्चला प्लेगनेच गेल्या. शहर एक, रोग एक. एका दाराशी माणसं लपत होती आणि दुसऱ्या दाराशी येत होती.

आता तुमचे तीन मुद्दे.

बंदी. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडलेले पहिले दोन रुग्ण दुबईहून परतलेले होते. विषाणू विमानाने आला आणि बंदी पायी येणाऱ्यांवर बसली. पुढे तो वस्त्यांत पोचला तेव्हा काय झालं हे त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमधल्या सिरो सर्वेक्षणात दिसतं. पुण्याच्या पाच प्रभागांत मिळून ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, मिळाली. स्वतंत्र शौचालय असलेल्यांत हे प्रमाण ४५.३ टक्के होतं, सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के. म्हणजे फरक पाडत होती ती घराची रचना. मावशी काही विषाणू घेऊन जन्माला आल्या नव्हत्या.

हवेच्या साथीच्या सुरुवातीला काही दिवस बाहेरच्यांची ये-जा कमी करणं समजू शकतं. पण त्याला दोन अटी लिहा. पहिली, पगार चालू. दुसरी, नियमाला संपण्याची तारीख: १४ दिवसांनी तो आपोआप रद्द होईल, ठेवायचा असेल तर कमिटीने कारण लिहून पुन्हा मंजूर करायचा. २०२० मध्ये कितीतरी सोसायट्यांत कारण संपलं तरी पाटी गेटवर तशीच राहिली. पुण्यात एकदा लागलेली पाटी सहसा उतरत नाही, म्हणून तारीख पाटीवरच रंगवा.

पगाराचं गणित फार छोटं आहे. एका घरचे महिन्याला १,५०० रुपये धरले तर सात दिवसांचे ३५० होतात. बिर्याणीच्या एका पार्सलएवढे. पाच घरं करणाऱ्या बाईचे मात्र सात दिवसांत १,७५० जातात, आणि तेवढ्यासाठी ती क्रोसिन घेऊन कामाला येते. ‘बरं नाही म्हणून कळवलं तर पैसे कापले जाणार नाहीत’ हे एक वाक्य सर्व सभासदांच्या सहीने लागू करा. गेटवरच्या कुठल्याही उपकरणापेक्षा त्याने जास्त रुग्ण कळतील.

उपकरणावरून आठवलं, टेंपरेचर गन. एप्रिलच्या उन्हात स्कूटरवरून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, घामाने भिजलं असेल तर उलट थंड लागतं, आणि वॉचमन बिचारा मनगटावर धरून ३४ अंश लिहितो. शरीर खरंच ३४ अंशांवर असतं तर माणूस थंडीने कुडकुडत आला असता, पण रजिस्टरमध्ये पानंच्या पानं अशी भरलेली असायची. त्यातून कोविड लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतो. ही गन घेऊच नका.

फवारणी. मार्च २०२० मधल्या प्रयोगात हा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत टिकलेला दिसला आणि सगळ्यांनी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या. तेव्हाच्या माहितीत ते चूक नव्हतं, त्याबद्दल कुणाला हसू नये. पण प्रयोगशाळेत सोडतात तेवढा विषाणू लिफ्टच्या बटणावर नसतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दर स्पर्शामागे १०,००० त एकापेक्षा कमी आहे. माणसांवर फवारणी करू नका, असं तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच बजावलं होतं. पार्किंग, झाडं, रस्ता यांवर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक) मारणं म्हणजे पाण्यात पैसे. वर दम्याच्या माणसाला त्रास.

पुसायचं मात्र असतं, विशेषतः जुलाब-उलट्यांच्या साथीत. बाजारात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट मिळतं. कठडे, दारांचे लाकडी भाग, फरशी यांना ०.१ टक्के पुरतं: एक लिटर पाण्यात २० मिली. उलटी किंवा शौच सांडलेली जागा आधी कागदाने टिपून घ्या, मग १ टक्का वापरा: एक भाग हायपो, चार भाग पाणी. फवारायचं नाही, फडक्याने लावून १० मिनिटं ओलं ठेवायचं. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. कॅन गच्चीवरच्या खोलीत उन्हात ठेवलात तर ५ टक्क्यांचं काही आठवड्यांत किती उरेल याचा भरवसा नाही. लिफ्टचं स्टील याने खराब होतं, तिथे साबणाचं पाणी. आणि सफाईवाल्या काकांना समोर उभं राहून सांगा: हे संडासाच्या ॲसिडमध्ये मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो घातक ठरू शकतो.

नाव ग्रुपवर टाकणं. नाही, आणि यात ‘परिस्थितीनुसार’ काही नाही. एकदा एका घराची शोभा झाली की दुसरं घर तपासणीच करत नाही. त्याऐवजी दोन आरोग्य-संपर्क नेमा, एक बाई आणि एक पुरुष, शक्यतो कमिटीबाहेरचे. नाव त्यांनाच माहीत. ग्रुपवर जाईल ते एवढंच: ‘बी विंगमध्ये एक रुग्ण आहे, घरी विलगीकरणात आहे. मंगळवारी-बुधवारी ज्यांनी बी विंगची लिफ्ट वापरली त्यांनी पाच दिवस लक्षणांवर लक्ष ठेवावं. मदत पोचली आहे.’ शेवटचं वाक्य विसरू नका. मदत मिळते हे दिसलं तरच दुसरा रुग्ण सांगेल.

फ्लॅटला बाहेरून कुलूप लावायचा अधिकार सोसायटीला नाही. विलगीकरणाचा आदेश पालिका देते. डॉक्टर किंवा नर्स भाडेकरूला घर सोडायला लावणं तर थेट अंगाशी येऊ शकतं. २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरची हिंसा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा झाली, आणि कामात अडथळा येईल असा राहत्या जागेतला छळही त्या व्याख्येत आहे.

हवेच्या पानावर आणखी काय हवं? खेळती हवा. क्लबहाऊसमध्ये एसी लावून मीटिंग नको. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या. बाहेर तो ४२० पीपीएमच्या आसपास दाखवतो, हॉलमध्ये १,००० च्या वर गेला की खिडक्या उघडायच्या किंवा माणसं कमी करायची. स्वस्त मीटर पुष्कळदा भलतंच मोजतात. जवळ डिओ मारून बघा, आकडा एकदम उडाला तर तो मीटर परत करा. मास्क कापडी नको, बिनव्हॉल्व्हचा एन-९५, दाढीवर नव्हे तर गालाला चिकटून. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली तर नाकावरची पट्टी नीट बसलेली नाही.

घरी असलेल्या रुग्णासाठी सोसायटीने दोन ऑक्सिमीटर ठेवावेत. चुकीचे आकडे बहुतेक वेळा यंत्रामुळे येत नाहीत, वापरण्याच्या पद्धतीमुळे येतात. नेलपॉलिश काढायचं, मेंदी असेल तर दुसरं बोट घ्यायचं, हात गार असतील तर चोळायचे, पाच मिनिटं बसायचं, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली गेला तर थेट रुग्णालय. बसून ९६ असेल तरी खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायचं, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं. तीनपेक्षा जास्तने उतरला किंवा धाप लागली तर वाट बघू नका. बसल्या जागीच ९४ च्या खाली असलेल्याला मात्र चालायला लावू नका.

२०२१ च्या उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. मी नव्याने घ्या म्हणणार नाही. असलेला असेल तर त्याचा फिल्टर धुवा, महिन्यातून एकदा अर्धा तास चालवून बघा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: बेड मिळेपर्यंतच. पाच लिटरचं यंत्र घरात आहे म्हणून रुग्णालयात जायला उशीर करणं हा त्याचा सर्वांत मोठा धोका.

आता पाण्याचं पान, कारण तुमच्या पट्ट्यात मला त्याचीच जास्त काळजी वाटते. ८४ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला साधारण ४५,००० लिटर लागतं. यात पालिकेचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती हे तुम्हालाच माहीत, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. तिन्ही पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडत असेल तर पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन तिथेच खर्ची पडतं.

साथ असताना पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी रोज करा, एरवी आठवड्याला. त्यासाठी ओटी (ऑर्थोटोलिडिन) किट घ्या. नळीत पाणी, थेंब टाकायचे, हलवायचं आणि १० सेकंदांत पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. पाच मिनिटांनी बघितलात तर रंग गडद होतो आणि आकडा फसवा येतो. नमुना टाकीतून घेऊ नका, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या घरातल्या नळाचा घ्या, तोही आरओच्या आधीचा. आरओमधून आलेल्या पाण्यात क्लोरीन नसतंच, त्यामुळे ‘आमच्याकडे शून्य आलं’ असे घाबरलेले फोन येतात. त्या नळाला दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, साथीत ०.५ ठेवा.

कमी आलं तर ब्लीचिंग पावडर. चांगली, ३३ टक्क्यांची पावडर असेल तर १,००० लिटरला अडीच ग्रॅमपासून सुरुवात, म्हणजे तुमच्या ४५,००० लिटरला सुमारे ११० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करा, मग बादली भरा, १० मिनिटं स्थिर ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, गाळ फेकून द्या. बहुतेक ठिकाणी वॉचमन पावडर ओंजळीने कोरडीच टाकतो, ती तळाशी बसते आणि महिन्याभरात टाकीला चुन्याचा थर येतो. ओतल्यावर अर्धा तास पंप सुरू करायचा नाही. मग मोजा. अजून कमी असेल तर निम्मा डोस आणखी द्या. गढूळ टँकरच्या पाण्याला दुप्पट लागू शकतं, आणि पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर निम्मी मेलेली असते. त्यामुळे ग्रॅमवर विसंबू नका, रंगावर विसंबा.

टँकरचं पाणी टाकीत सोडायच्या आधी तपासा. ड्रायव्हरला गाडी खाली करायची घाई असते, पण १० सेकंदांना कुणी नाही म्हणत नाही. शून्य आलं तर घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मे महिन्यात ते शक्यही नसतं. रजिस्टरमध्ये लिहा, जास्त डोस द्या. आणि एकदा प्लंबरला घेऊन बघा, जमिनीखालच्या टाकीपासून ड्रेनेजचं चेंबर किती अंतरावर आहे. पार्किंगच्या फरशीखाली दोन्ही शेजारी-शेजारी असतील आणि टाकीला तडा असेल, तर वरचं सगळं वाया.

डासांचं पान सर्वांत छोटं. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, अळ्या नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून साठलेलं पाणी ओतायचं: कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, ताडपत्रीचे खळगे, लिफ्टचा खड्डा, बंद पडलेलं कारंजं. बंद फ्लॅटच्या मालकांकडून बाल्कनी तपासायची लेखी परवानगी आत्ताच घेऊन ठेवा. साथ आल्यावर ते दुबईहून फोन उचलत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण मी पहिल्या पानावर घातली असती: वॉचमनची केबिन. सगळ्या सोसायटीचा संपर्क त्याच्याशी, आणि बसायला चार बाय चारची, एकच सरकती काच असलेली खोली, आत दोन शिफ्टची माणसं आणि एकच अंथरूण. पाणी कुठलं पितो, संडास कुठला वापरतो हे कमिटीतल्या किती जणांना सांगता येईल? मागच्या भिंतीला समोरासमोर येईल अशी खिडकी काढा, एक्झॉस्ट बसवा, दोन शिफ्टना दोन चादरी द्या, पिण्याचं पाणी सोसायटीचं द्या. आजारपणाच्या रजेचा पगार एजन्सी देते का हे करारात वाचा. देत नसेल तर तेवढी रक्कम मेंटेनन्समध्ये धरा: दोन वॉचमन, वर्षाला दहा-दहा दिवस, ८४ घरांत वाटून.